पानं खाल्ली जाऊ द्या

आलेलं पत्र:

"घरासमोर दहा बाय पंधरा फुटांची मातीची पट्टी आहे आणि वर गच्ची. निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते बागेचं. फुलपाखरं यावीत, पक्षी यावेत, एवढीच हौस. गुलाब, डबल जास्वंद, पिटुनिया, बोगनवेल, शेवंती, दोन प्रकारचे झेंडू अशा चाळीसेक कुंड्या झाल्या. खाली लॉन लावलं. रोज झाडून पालापाचोळा काढते. दोन वर्षं झाली. बाग बघायला येणारे-जाणारे थांबतात, पण फुलपाखरू येतं, एक गिरकी घेतं आणि निघून जातं. पक्षी म्हणाल तर कबुतरं. एक लिंबाचं रोप आहे, त्यावर मात्र गेल्या आठवड्यात अकरा अळ्या मोजल्या. निम्मी पानं फस्त. यजमान दर पंधरा दिवसांनी फवारणी करतात, तरी या येतातच. आता ते म्हणतात, कडक औषध मारू. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते. आमचं काय चुकतंय? पक्ष्यांसाठी दाणे ठेवावेत का? पाणी ठेवलं तर डास होतील का? चार वर्षांची नात दिवसभर बागेत असते, तेव्हा जपून सांगा."

ताई,

यजमानांना हातातला पंप आधी खाली ठेवायला सांगा, मग पुढचं वाचा.

दोन वर्षं तुम्ही ज्यांची वाट बघताय ती फुलपाखरं तुमच्याकडे आलेली आहेत. चांगली अकरा. त्यांना अजून पंख फुटलेले नाहीत, इतकंच. लिंबाची पानं खाणाऱ्या, अंगावर केस नसलेल्या अळ्या बहुतेक वेळा लिंबाच्या फुलपाखराच्या असतात. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाला शेपूट नाही, आतल्या कडेला एक विटकरी डाग, असं ते दिसतं. तुमच्याकडे गिरकी घेऊन जाणारं फुलपाखरू कदाचित हेच असेल. चाळीस कुंड्यांवरून उडत ते त्या एकट्या लिंबापाशी आलं, शेंड्याच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडं ठेवलं आणि गेलं. तुमच्या बागेत त्याचं तेवढंच काम होतं.

तुम्हाला मी हसणार नाही, कारण मी याहून मोठा गाढवपणा केला आहे. बागकामाच्या पहिल्या वर्षी माझ्या लिंबाच्या पानांवर पक्ष्यांची शीट पडलेली दिसायची. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. दर रविवारी मी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायचो. झाडाची केवढी ती सेवा! तिसऱ्या की चौथ्या रविवारी फडक्याखालची शीट वळवळली, डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढलं आणि असा काही उग्र वास सोडला की मी फडकं टाकून मागे सरलो. ती अळी होती. लहान वयात ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सोंग उघडं पडलंच तर मग ते वासाचं शिंग. तीन रविवार मी फुलपाखरं पुसून टाकत होतो आणि फुलपाखरं का येत नाहीत म्हणून हळहळत होतो.

पुढे ही अळी चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या खेपेला हिरवीगार होते. त्या शेवटच्या काही दिवसांत ती जेवढं खाते तेवढं आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून खात नाही. म्हणून तुम्हाला वाटलं की एका आठवड्यात हे काय आक्रित झालं. मग ती एखादी काडी गाठते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा ताणून बांधते, वायरमन खांबावर पट्टा लावून रेलतो तशी, आणि तिचा कोष होतो. कोष हिरव्या फांदीवर असेल तर बहुधा हिरवा, सुक्या काडीवर असेल तर तपकिरी. अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिनाभर लागतो, थंडीत जास्त. एखाद्या दिवशी कोषाच्या सालीतून आतले ठिपके दिसायला लागतील, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा सकाळचा चहा बागेतच घ्या. बाहेर येतं तेव्हा ते चुरगळलेल्या ओल्या कागदासारखं असतं. पंखांच्या शिरांत द्रव भरून ते ताठ करायला आणि वाळवायला त्याला तास-दोन तास लागतात. त्या वेळात नातीनं हात लावायचा नाही, एवढं मात्र बघा.

राहिला प्रश्न लिंबाचा. मुळं घट्ट धरलेलं, दीड-दोन वर्षांचं रोप असेल तर पानं गेल्यानं ते मरत नाही. शेणखताची एक ओंजळ द्या, पाणी नियमित ठेवा, नवी पालवी फुटेल. अकरा अळ्या एका लहान रोपाला जड होत असतील तर दुसरं लिंबू आणा. संत्रं, मोसंबी, ईडलिंबू, त्या घराण्यातलं काहीही चालतं. चार-पाच अळ्या तिकडे हलवा. अळी चिमटीत धरून ओढायची नाही, ती पानाला घट्ट पकडून असते आणि ओढाताणीत दुखावते. ती बसलेलं पानच देठाजवळ कापायचं आणि नव्या रोपाच्या फांदीत अडकवायचं. भूक लागली की ती आपली आपण सरकते. आणि अकराची अकरा फुलपाखरं होतील अशी आशा धरू नका. काहींना गांधीलमाशी नेईल, काहींच्या अंगात परजीवी माश्यांनी अंडी घातली असतील, एखादी बुलबुल उचलेल. दोन उडाली तरी पुष्कळ. बुलबुलाचा राग येईल, तो गिळा. त्याच्याकडे पुढे येतोच.

आता तुमचा मुख्य प्रश्न: बाकीची फुलपाखरं येऊन निघून का जातात?

तुम्ही खाणावळ उघडली आहे, तीही अर्धीच, आणि बाळंतपणाची सोय मुळीच नाही. फुलपाखराला दोन प्रकारची झाडं लागतात. एक मध देणारी, ती स्वतःसाठी. दुसरी अळीला खायला पानं देणारी, आणि इथे त्याचे नखरे फार. मध ते कुठल्याही फुलाचा पिईल, पण अंडी घालायला त्याला ठरलेलंच झाड हवं. झाडं आपल्या पानांत वेगवेगळी विषं, कडू-उग्र रसायनं साठवतात, किड्यांनी खाऊ नये म्हणून. प्रत्येक फुलपाखराच्या कुळानं पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या झाडाचं विष पचवायची युक्ती साधली आणि मग ते त्या झाडाशी बांधलं गेलं. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या दोघांनी १९६४ मध्ये ही गोष्ट नीट मांडून दाखवली. निरीक्षण मात्र त्याहून कितीतरी जुनं. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती १६९९ मध्ये सुरिनामच्या जंगलात गेली आणि १७०५ मध्ये तिनं चित्रं प्रसिद्ध केली, त्यांत अळी, कोष, फुलपाखरू आणि त्या अळीचं झाड असं सगळं बिऱ्हाड एकाच पानावर काढलेलं असे.

मादी झाड कशी ओळखते ते तुम्हाला लिंबापाशी उभं राहून बघता येईल. ती पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी टपटप, टपटप वाजवते. तिला पायांनी चव कळते. चव जुळली तर पोट वाकवून अंडं, नाही तर पुढचं पान. तुमच्या पिटुनियावर, शेवंतीवर तिनं हेच करून पाहिलं असणार, आणि एकही चव जुळली नाही. ती गिरकी म्हणजे हेच.

तेव्हा पानांची झाडं लावायची. तुमच्या जागेत मावतील अशी सांगतो.

कढीपत्ता पहिला. काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ असलेलं, शेपटीवालं मोठं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं, आणि लिंबावरही. झाड एकच असेल तर पानांवरून घरात भांडण होईल, म्हणून दोन लावा. त्यातलं एक तुमचं नाही, असं समजा.

मग पानफुटी. हिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण कुंडीतल्या माणसासाठी (म्हणजे कुंडीत बाग करणाऱ्या माणसासाठी) याहून चांगलं झाड नाही. पाणी विसरलात तरी जगते, पान मातीवर टाकलं तरी कडेनं रोपं फुटतात. तिच्यावर येतं ते अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं फुलपाखरू. पंख मिटले की पांढऱ्यावर काळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी पट्टा, जणू कुणी बारीक कुंचल्यानं फुरसतीत रंगवलंय. त्याची अळी पान वरून खात नाही. पानाच्या जाड गरात शिरते आणि आतून पोखरत जाते. एखादं पान फिकट, फुगीर, अर्धपारदर्शक दिसलं तर ते कुजलं म्हणून तोडू नका. उन्हाच्या दिशेनं धरून पाहा, आतली अळी सावलीसारखी सरकताना दिसते. नातीला भिंग घेऊन द्या आणि पानफुटीच्या तीन कुंड्या तिच्या नावावर करा.

कृष्णकमळाचा वेल गच्चीच्या कठड्यावर चढवा, त्यावर नारिंगी पंखांचं, संथ उडणारं एक फुलपाखरू येतं. अळ्या काटेरी दिसतात आणि वेलाचा फडशा पाडतात. वेल पुन्हा येतो. टाकळा कुठेही उगवतो, तो उपटायचा नाही: पिवळी आणि फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं त्याच्यावर वाढतात. जवळपास बहावा असेल तर फारच छान. घोळ कुंडीत आपोआप येते, तीही राहू द्या. एरंड मोठा होतो, जागा अडवतो, तुमच्या पट्टीत नको. आसपास कुणाचं आंब्याचं झाड असेल तर पानाच्या मधल्या शिरेवर नीट बघा. एका फुलपाखराची हिरवी, पिसांसारख्या काट्यांची अळी त्या शिरेवर अशी बेमालूम बसते की बोट ठेवलं तरी दिसत नाही. रुई आणि कण्हेर ही दोन्ही झाडं फुलपाखरांची फार लाडकी. कण्हेरीच्या पानाखाली टांगलेला कोष आरशासारखा चकचकीत, चांदीचा डूल लटकावा तसा असतो. पण या दोघांबद्दल खाली ता.क. मध्ये लिहितो, ते वाचल्याशिवाय आणू नका.

आता मधाची बाजू. तुम्ही अर्धीच खाणावळ उघडली आहे असं म्हटलं ते यासाठी, की तुमची बरीच फुलं दिखाऊ आहेत. डबल जास्वंद, भरगच्च शेवंती, मोठे झेंडू यांत माणसानं निवड करत करत पाकळ्या वाढवल्या. डबल जास्वंदीत त्या पाकळ्या बहुतेक पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. परागकण कमी, मध कमी आणि असला तरी पाकळ्यांच्या गर्दीत फुलपाखराची सोंड तिथवर पोचत नाही. बोगनवेलीचा रंग फुलाचा नसतोच. ती रंगीत पानं, खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी. असू दे बोगनवेल, काटे आहेत, घरट्याला आडोसा होतो. पण निम्मे गुलाब आणि पिटुनिया कुणाला तरी देऊन टाका आणि त्या जागी एकेरी पाकळ्यांची फुलं आणा: साधी झिनिया, पेंटास, एक्झोरा, हॅमेलिया, साधा एकेरी झेंडू. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्या आणि बारीक निळी फुलपाखरं तिच्यावर दिवसभर असतात. लॉनमध्ये एकदांडी उगवली असेल, ते लांब देठाचं फिकट पिवळं फूल, तर ती तण नव्हे. फुलपाखरांचा तो रोजचा शिधा आहे.

आणि हे सगळं एकेक कुंडी इकडे-तिकडे असं मांडू नका. पेंटासच्या पाच कुंड्या एकत्र, झिनियाचा एक वाफा, असे रंगाचे गठ्ठे करा. फुलपाखराला दुरून ठिपका दिसत नाही, पट्टा दिसतो. सकाळचं ऊन पडतं तिथेच हे सगळं हवं, कारण अंग तापल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. पंख पसरून बसायला एखादा सपाट दगड उन्हात ठेवला की त्यावर गर्दी होते.

घाणेरी लावू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. तिची फळं पक्षी खातात, बिया माळरानावर आणि जंगलात टाकतात, आणि ती तिथलं बाकी सगळं गिळते. तुमच्या दहा फुटांच्या हौसेसाठी तो उद्योग नको.

रोपं आणताना एक विचारा: यावर काय मारलंय? रोपवाटिकेतल्या चकचकीत, एकही भोक नसलेल्या रोपांत कधी कधी मुळांवाटे शोषली जाणारी कीटकनाशकं असतात. ती पानात, मधात, परागातही उतरतात. मधमाश्यांना होणाऱ्या धोक्यामुळे युरोपीय संघानं २०१८ मध्ये या जातीच्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला. नवं रोप आणलं की त्यावर लगेच अळी सोडू नका. नवी पालवी येऊन थोडे आठवडे जाऊ द्या. जमलं तर फांद्या लावून, बी पेरून स्वतःचीच रोपं करा. "कडुनिंबाचं तेल तर नैसर्गिक, ते मारू का?" असं यजमान म्हणतीलच. नैसर्गिक असलं तरी ते अळीची वाढ रोखतं, आणि ती अळी फुलपाखराची की पतंगाची हे त्याला कळत नाही. मावा झालाय तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. उरलेला मावा लेडीबर्ड या ठिपक्यांच्या भुंग्यावर सोडा.

आता पक्षी.

दाण्यांचं एका वाक्यात सांगतो: ठेवू नका. तुमच्याकडे कबुतरं आहेतच, दाणे टाकलेत तर तीच शंभर होतील आणि लहान पक्षी त्यांच्या धक्काबुक्कीत टिकणार नाहीत. शिवाय एकाच ताटलीत खूप पक्षी जेवले की आजार पसरतो. ब्रिटनमध्ये २००६ पासून ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या घशाच्या एका संसर्गानं निम्म्याहून जास्त घसरली. दाण्यापाण्याच्या जागी जमणारी गर्दी त्याला हातभार लावते, म्हणून तिथे ताटल्या धुण्याबद्दल इतकं कानीकपाळी ओरडून सांगितलं जातं.

पक्ष्यांना तुमच्याकडून हव्या आहेत त्या अळ्या. दाणे खाणारा, मध पिणारा, फळं खाणारा, यांतले बहुतेक लहान पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतात. पिल्लाला प्रथिनं हवीत आणि अळीसारखं मऊ, पौष्टिक, गिळायला सोपं दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या मूठभर पक्ष्याचा हिशेब सांगतात तो ऐका: एका घरट्यातली पिल्लं वाढवायला साधारण ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपासच्या घरगुती बागांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बागांत स्थानिक झाडांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली, तिथे या पक्ष्यांची पिल्लं इतकी कमी वाढत होती की त्यांची संख्या टिकणं शक्य नव्हतं. बाहेरून आणलेली शोभेची झाडं तिथेही सुंदर, टवटवीत, बिनभोकाची होती. पक्ष्याच्या लेखी ते रिकामं कपाट.

म्हणून मघाशी बुलबुलाचा राग गिळा म्हटलं. फुलपाखरांची बाग आणि पक्ष्यांची बाग अशा दोन वेगळ्या बागा करता येत नाहीत. एक दुसऱ्याला खातं, आणि पुरेशी अंडी घातली गेली तर दोन्ही टिकतात.

तुमच्या पट्टीत थर करा. कडेला कुंपणासारखी झुडपांची दाट रांग: अडुळसा, हॅमेलिया, एकेरी जास्वंद. एका कोपऱ्यात तुतीचं झाड, छाटून डोक्याएवढ्या उंचीचं ठेवता येतं. फळं धरली की बुलबुल, तांबट, कोकीळ आणि चष्मेवाला यांचा एकमेकांशी आणि तुमच्या नातीशी वाद सुरू होतो. भिंतीवर मधुमालती. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल होतात. पांढरी असताना रात्रीचे पतंग येतात, दिवसा शिंजीर, म्हणजे मध पिणारा चिमुकला पक्षी. जास्वंदीवर शिंजीर बघाल तेव्हा नीट पाहा: फुलाच्या तोंडाशी जायचे कष्ट घेण्याऐवजी तो कधी कधी बुडाशी चोचीनं भोक पाडतो आणि मागच्या दारानं मध चोरतो. फुलाच्या देठापाशी बारीक चीर दिसली की समजा, चोर येऊन गेला.

आता तुम्हाला जरा जड जाईल ते सांगतो. झाडू कमी करा. सगळं अंगण नको, झुडपांच्या बुडाशी असलेला हात-दीड हाताचा पट्टा तेवढा सोडा. पडलेली पानं तिथेच राहू द्या. दयाळ तिथे उतरून पानं उलथी करतो, सातभाई आले तर टोळीनं येऊन कलकलाट करत तेच करतात. जाळ्याही सगळ्या झाडू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानंच बांधतो, आणि शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडा टोचून त्यातून जाळ्याचे किंवा कापसाचे तंतू ओवतो. मी एकदा छज्जाखाली लोंबणारी जळमटं म्हणून जे काढायला गेलो त्याला बाजूनं एक दार होतं आणि दारावर पागोळी अडवणारी छोटी पडवी. आत दोन अंडी होती. काठी तशीच भिंतीला टेकवली आणि पुढचे कितीतरी दिवस घरात मागच्या दारानं ये-जा केली.

लॉनचंही तेच. निम्मं कापत जा, निम्मं वाढू द्या. गवताला बी धरलं की मुनिया येतात, काडीला लोंबकळून एकेक दाणा सोलतात. हे दाणे मात्र चालतात, ते कबुतरांना जमत नाहीत.

पाणी जरूर ठेवा. दाण्यांपेक्षा त्याचा उपयोग दहापट. उथळ भांडं हवं, दोन इंचांहून खोल नको, आणि तळ खडबडीत, पाय घसरू नये असा. मातीची पसरट परात चांगली. काचेचं, चिनी मातीचं गुळगुळीत नको. मध्ये एखादा दगड ठेवा. आंघोळ करणाऱ्या ओल्या पक्ष्याला नीट उडता येत नाही आणि मांजराला हे ठाऊक असतं, म्हणून भांडं झुडपाला चिकटून नको, सहा-सात फूट लांब ठेवा. डासांची काळजी रास्त आहे, पण त्यावर उपाय फक्त सवयीचा आहे: अंड्यातून डास उडायला आठवडाभराच्या आसपास लागतो, तुम्ही पाणी रोज ओतून टाकलंत तर डास होणारच नाहीत. दोन-तीन दिवसांनी काथ्यानं भांडं घासा, साबण नको. ते ओतलेलं पाणी वाया घालवू नका. एका कोपऱ्यात माती-वाळूचा लहानसा खड्डा करून त्यातच रोज ओता, चिखल ओला राहील. त्या चिखलावर फुलपाखरं ओळीनं बसून सोंडा खुपसतील. त्यांतले बहुतेक नर असतात. मधात न मिळणारे क्षार ते चिखलातून शोषतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात, अंड्यांच्या कामी येतात म्हणून. फार पिकलेलं, काळं पडलेलं केळं शेजारी सावलीत ठेवलंत तर फुलांकडे कधीच न फिरकणारी काही तपकिरी फुलपाखरंही उतरतील. मुंग्या येतील, येऊ देत.

कामाचा क्रम सांगायचा तर: पाणी उद्याच ठेवा. झाडू उद्यापासूनच आवरा. पानफुटी आणि दुसरं लिंबू या महिन्यात. झुडपं आणि तुती पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे मुळं धरायला पाणी घालत बसावं लागणार नाही. पहिल्या वर्षी पुष्कळ पानं खाल्लेली आणि थोडी फुलपाखरं दिसतील. बाग आतापेक्षा गबाळी दिसेल आणि येणारे-जाणारे कदाचित थांबायचे नाहीत. यजमानांना फवारणीच्या बदल्यात काहीतरी काम लागेल. त्यांना वही द्या. रोज सकाळी लिंबावर किती अंडी, किती अळ्या, किती शीट, हे मोजून लिहायचं. पंधरा दिवस मोजली की मारवत नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव.

ता.क. नातीसाठी. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, काडी, सगळं, आणि ते विष हृदयावर जातं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चार वर्षांचं मूल दिवसभर बागेत असताना ही दोन्ही तुमच्याकडे नकोत. ती मोठी झाली की बघू. पानफुटी आणि एकूणच बागेतली पानं तोंडात घालायची नाहीत, हे तिला आताच शिकवा. केसाळ अळी दिसली तर हात लावायचा नाही, तिच्या केसांनी आग होते. लिंबावरची मोठी हिरवी अळी मात्र चावत नाही, डसत नाही. तिच्या पाठीला काडीचं टोक अलगद लावायला सांगा, आणि तुम्ही थोडं लांब उभ्या राहा.